लेकराची जबानी आणि न्यायाचा तराजू

बालकावर अत्याचार झाल्याची वार्ता गावात फुटली म्हणजे सज्जन माणसाचे रक्त तापते. ते तापलेच पाहिजे. ज्या समाजाचे रक्त अशा वार्तेनेही तापत नाही त्या समाजास समाज म्हणावयाचे तरी कशाला? परंतु संतापाने गुन्हेगार सापडत नाही, संतापाने पुरावा उभा राहत नाही आणि संतापाच्या भरात दिलेली शिक्षा अपिलात टिकत नाही. तापलेले रक्त चार दिवसांत निवते. मूल मात्र पुढे दहा-दहा वर्षे एका न्यायालयाच्या पायरीवरून दुसऱ्या न्यायालयाच्या पायरीकडे ओढले जाते. म्हणून या विषयावर थंड डोक्याने, पण कोरड्या मनाने नव्हे, चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आदिलाबाद जिल्ह्याकडे पाहिले की या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानी येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली तेव्हा या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचे पुन्हा चार तुकडे झाले. सरहद्दीच्या रेषा अशा सरकत राहिल्या. माणसे मात्र होती तेथेच राहिली. पैनगंगेच्या काठच्या खेड्यांत घराघरांत मराठी आहे, डोंगराळ भागांत गोंडी आणि कोलामी आहे, तांड्यांवर बंजारा बोली आहे, बाजारात तेलुगू आणि उर्दू आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यालगतची चौदा गावे तर अशी की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण अशी दोन्ही राज्ये हक्क सांगतात. अशा मुलखात सात-आठ वर्षांच्या एखाद्या मुलीवर प्रसंग गुदरला तर ती प्रथम कोणाजवळ बोलेल? आईजवळ. कोणत्या भाषेत बोलेल? आईच्या. आणि तिचे ते बोलणे न्यायमूर्तींपर्यंत कोणत्या भाषेत, किती हातांतून आणि काय रूप घेऊन पोहोचेल? आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

प्रथम मुलाच्या साक्षीचा विचार करू. ‘पोराच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा?’ हा प्रश्न आपल्याकडे फार सहज विचारला जातो. कायद्याने तो केव्हाच निकालात काढला आहे. आठ वर्षांच्या मुलीवरील अत्याचाराच्या एका राजस्थानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५१ मध्ये निर्णय दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे तत्पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. मुलीला शपथ दिली गेली नाही एवढ्याने तिची साक्ष बाद होत नाही. आणि साक्षीला दुजोरा पाहिजे हा काही कायद्याचा अटळ नियम नव्हे, ती सावधपणाची एक रीत आहे, असे त्या निर्णयाने सांगितले. मूल समंजसपणे उत्तरे देत असेल आणि त्याचे सांगणे विश्वासार्ह असेल तर केवळ त्याच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते, हे तत्त्व महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात १९९७ साली पुन्हा उच्चारले गेले. आणि साक्ष देण्यास वयाची किमान अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्येही स्पष्ट केले. मात्र न्यायालयाने एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावयाची असते, ती म्हणजे मूल स्वतःचे बोलत आहे की पढवलेले बोलत आहे.

आता येथेच मेख आहे. मूल पढवलेले आहे की नाही हे ओळखावयाचे कशावरून? त्याच्या शब्दांवरून, त्याच्या अडखळण्यावरून, वयाला न शोभणाऱ्या एखाद्या शब्दावरून. ‘त्यानं माझी खोडी काढली’, ‘अंगाशी झोंबला’, ‘शूच्या जागी दुखवलं’ असे आपले लेकरू बोलते. ही वाक्ये दुभाष्याच्या तोंडी तेलुगू होतात आणि टंकलेखकाच्या बोटांतून इंग्रजी होऊन कागदावर उतरतात. तेथे ‘लैंगिक अत्याचार केला’ असे एक गुळगुळीत वाक्य उरते. लेकराचे वाक्य जाते आणि वकिलाचे वाक्य येते! मग अपिलात आरोपीचा वकील उभा राहून म्हणतो, ‘सात वर्षांची मुलगी असे शब्द वापरील काय? ही साक्ष पढवलेली आहे.’ त्याचे म्हणणे वरवर पाहता रास्तच दिसते. कारण ते शब्द मुलीचे नव्हेतच.

याहूनही गंभीर परिणाम दुसरा आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्यास सर्वत्र ‘पोक्सो’ म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. त्यात गुन्ह्यांच्या पायऱ्या आहेत. लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शास तीन ते पाच वर्षे; मूल बारा वर्षांखालील असेल तर पाच ते सात. परंतु कृत्य त्याच्या पुढचे असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दहा वर्षे, मूल सोळाच्या आत असेल तर किमान वीस वर्षे, आणि अत्यंत गंभीर प्रकारांत मृत्युदंडापर्यंत. म्हणजे मुलाच्या तोंडच्या एका क्रियापदाच्या भाषांतरावर कोणाची तीन वर्षे की वीस वर्षे हे ठरावयाचे आहे. क्रियापद सौम्य केले तर मुलावर अन्याय, तीव्र केले तर आरोपीवर अन्याय. दुभाष्याची निष्काळजी कोणाचीच मित्र नसते.

शब्दांच्या अर्थावर किती अवलंबून असते याचा अनुभव नागपूरने नुकताच घेतला आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा अर्थ लावला की बारा वर्षांच्या मुलीला कपड्यावरून केलेला स्पर्श हा ‘पोक्सो’खालचा लैंगिक हल्ला होत नाही, त्यास कातडीचा कातडीस स्पर्श हवा. देशभर खळबळ उडाली. आठवड्याभरात त्या निर्णयास स्थगिती मिळाली आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळित यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने तो रद्द केला. कायद्यात महत्त्व हेतूस आहे, वस्त्रास नव्हे, हा त्याचा मथितार्थ. अपिलाचे न्यायालय चुकू शकते आणि वरचे न्यायालय ती चूक दुरुस्त करू शकते, हे या प्रकरणाने दाखविले. परंतु ज्या दस्तऐवजावरून अपील चालते तो दस्तऐवजच सदोष असला तर वरचे न्यायालय काय करणार?

याच प्रदेशाने एक जुनी जखमही अंगावर वागविली आहे. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा. सत्र न्यायालयाने पोलिसांस सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. का? तर अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून! पोलीस ठाण्यात रात्रीच्या वेळी खाकीपुढे उभी असलेली ती पोर झटापट करील, अशी न्यायासनाची अपेक्षा. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. आंदोलन पेटले आणि १९८३ साली कायदा बदलला. भय आणि संमती या दोन गोष्टी एक नव्हेत, हे शिकावयास आपल्या न्यायव्यवस्थेस एका गरीब मुलीची किंमत मोजावी लागली.

आणि मौनाचे काय? राजस्थानातील एका खटल्यातील प्रसंग १९८६ चा. न्यायालयात प्रश्न विचारले असता ती बालिका बोलली नाही, नुसती रडली. खालच्या न्यायालयाने अन्य पुराव्यावरून शिक्षा केली. उच्च न्यायालयाने २०१३ साली त्या मौनाचा लाभ आरोपीस देऊन त्यास सोडले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. मुलीचे अश्रू आरोपीच्या बाजूचा पुरावा होत नाहीत, असे बजावले. निकाल योग्य झाला. पण १९८६ पासून २०२५ पर्यंत! त्या बालिकेचे सारे तारुण्य एका अपिलाच्या फायलीत गुंडाळले गेले. एवढ्या उशिरा आलेल्या न्यायास न्याय तरी कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

येथवर आमच्या म्हणण्यास कोणीही मान डोलावील. पुढचे म्हणणे पुष्कळांस कडू लागेल, तथापि ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. या खटल्यांत मुलाइतकाच आरोपीसही नीट चाललेल्या खटल्याचा हक्क आहे. ‘अशा राक्षसास कसले हक्क?’ असा सवाल लगेच येईल. त्यास आमचा प्रतिप्रश्न एवढाच की, तो राक्षस हाच आहे हे ठरविले कोणी, आणि कशावरून?

हा प्रश्न आम्ही वादाकरिता विचारीत नाही. महाराष्ट्रात २००३ साली एका कुटुंबातील पाच जणांचे खून झाले आणि त्यांतील पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांस पोलिसांनी धरले. एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांस मृत्युदंड दिला. पुढे कळले की त्यांतील एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता! शेवटी प्रकरण पुन्हा ऐकले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून प्रथम ज्या चौघांस ओळखले होते ते वेगळेच होते, आणि तो धागा पोलिसांनी सोडून दिला होता. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. सोळा वर्षांच्या आयुष्याची किंमत पाच लाख! आणि त्या मृत मुलीस काय मिळाले? तिचे खरे मारेकरी मोकळेच राहिले. निरपराध्यास फासाच्या दोरापर्यंत नेणारा तपास हा अपराध्यास दिलेला अभयपत्राचा कागद असतो.

दुसरे उदाहरण शेजारच्या निमाडातील खांडव्याचे. २०१३ साली नऊ वर्षांच्या मुलीच्या खुनाचा आणि अत्याचाराचा खटला दोषारोप ठेवल्यापासून अवघ्या दोन आठवड्यांत संपला आणि मृत्युदंड झाला. ज्या दिवशी दोषारोप ठेवले त्याच दिवशी आरोपीस सरकारी खर्चाचा वकील मिळाला. त्या वकिलाने कागद वाचावे केव्हा आणि आरोपीशी बोलावे केव्हा? डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालविण्यास सांगितले आणि दंडक घातला की जन्मठेप वा मृत्युदंडाच्या खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षे वकिली केलेला असावा आणि त्यास तयारीस सामान्यतः किमान सात दिवस मिळावेत. दुसऱ्या खटल्यातही २०२२ साली मृत्युदंड झाला. डीएनए अहवाल तयार करणाऱ्या तज्ज्ञांचीच साक्ष झाली नव्हती म्हणून उच्च न्यायालयाने तोही परत पाठविला. आणि मार्च २०२४ मध्ये आरोपी निर्दोष सुटला. दोन आठवड्यांची घाई करून अकरा वर्षे घालविली! शीघ्र न्याय आणि घाईचा न्याय यांत हा असा भेद आहे.

तिसरे उदाहरण तर सीमाभागातील प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावे असे आहे. ठाणे जिल्ह्यात २०१० साली सहा वर्षांच्या मुलीचा अत्याचारानंतर खून झाला. एका परप्रांतीय मजुरास मृत्युदंड झाला. उच्च न्यायालयाने तो कायम केला. १९ मे २०२३ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने त्यास निर्दोष सोडले. नमुने घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत विलंब झाला, मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात होते याचा नीट हिशेब नव्हता, म्हणून डीएनए अहवालावर विसंबता येईना. आणि आणखी एक गोष्ट न्यायालयाने दाखवून दिली: आरोपीचे म्हणून जे निवेदन पुढे केले गेले ते मराठीत लिहिलेले होते, आरोपीस मराठी येत नव्हती, आणि ते त्याच्या भाषेत त्यास समजावून सांगितल्याचा पुरावा नव्हता.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. या खटल्यात ज्या भाषेने अन्याय केला ती आमची मराठी होती. म्हणून काय आम्ही तो अन्याय कमी लेखावा? मुळीच नाही. ठाण्यात हिंदी भाषक मजुरावर मराठी कागद लादणे जर अन्याय असेल, तर आदिलाबादेत मराठी वा कोलामी माणसाच्या अंगठ्याखाली तेलुगू कागद सरकविणे हाही अन्यायच. भाषेचा हक्क हा आपल्यापुरता मागावयाचा नसतो. तसा मागितला तर तो हक्क राहत नाही, हट्ट होतो. आरोपीस न समजणाऱ्या भाषेत पुरावा घेतला गेला तर तो उघड न्यायालयात त्यास समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे, असा दंडक जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७९ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेनेही तो टाकलेला नाही. १९७९ साली भारताने स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही विनामूल्य दुभाष्याचा हक्क आहे. कायद्यात उणे काही नाही. उणे आहे ते अंमलबजावणीत.

‘पोक्सो’मध्ये आरोपीवर सिद्धतेचे ओझे काही अंशी टाकलेले आहे. विशिष्ट कलमांखाली खटला भरला की आरोपीने गुन्हा केला असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आणि तसे नाही हे त्याने दाखवावयाचे. चार भिंतींआड घडणाऱ्या गुन्ह्यांस अशा तरतुदीची गरज होती, हे आम्हांस मान्य आहे. तथापि नागपूर खंडपीठाने २०१८ साली जे सांगितले तेही तितकेच मान्य होण्याजोगे आहे: मुळातील वस्तुस्थिती अभियोगपक्षाने प्रथम सिद्ध करावी, तेव्हाच हे गृहीतक लागू होते. पाया घातल्यावाचून माडी चढवता येत नाही. ज्या कायद्याने आरोपीवर एवढे ओझे टाकले आहे, त्याच कायद्याने त्यास ते उचलण्याचे बळ, म्हणजे जाणता वकील, पुरेसा अवधी आणि समजणारी भाषा, दिलेच पाहिजे.

वकिलाच्या बाबतीत आदिलाबादचा अनुभव बोलका आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्यात एका गरीब दलित स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. ती बालिका नव्हती, तरी खटल्याचा धडा एकच आहे. लोकक्षोभ एवढा की आरोपींचे वकीलपत्र घेण्यास कोणी पुढे येईना. न्यायालयास वकील नेमून द्यावा लागला. ३० जानेवारी २०२० रोजी आदिलाबादच्या विशेष न्यायालयाने तिघांस मृत्युदंड ठोठावला. अमक्या आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये असे ठराव वकील संघांनी करणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले होते. क्षोभ आम्ही समजू शकतो. पण आरोपीचा वकील हा गुन्ह्याचा पाठीराखा नव्हे. शिक्षा झालीच तर ती अपिलात टिकावी याची पहिली तजवीज तोच करीत असतो. त्याने उलटतपासणी कसून केली आणि तरीही साक्ष उभी राहिली, तर त्या साक्षीस कोणते वरचे न्यायालय हात लावील?

आणि ज्यांस हा सारा खटाटोपच नको आहे, बंदुकीची गोळी हाच ज्यांस न्याय वाटतो, त्यांनी दोन अहवाल वाचावेत. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादेजवळ एका तरुणीच्या खुनातील चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले; पोलिसांवर फुले उधळली गेली. विदर्भाचे सुपुत्र न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने चौकशी केली आणि २०२२ साली जगापुढे आलेल्या अहवालात सांगितले की पोलिसांची हकीकत बनावट होती, आणि मेलेल्यांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत अत्याचार झाला. सप्टेंबरात आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला. आणि दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने जानेवारी २०२५ मध्ये पाच पोलिसांकडे बोट दाखविले. त्या दोन मुलींस न्यायासनापुढे ‘यानेच केले’ हे सिद्ध करण्याची संधीच उरली नाही. जेथे खटलाच झाला नाही तेथे सत्यही ठरले नाही.

आता करावयाचे काय? आमच्या मागण्या मोजक्या आहेत, आणि त्यांतील एकीसही नवा कायदा लागत नाही.

पहिली मागणी दुभाष्यांची. ‘पोक्सो’च्या २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षाने दुभाषे, अनुवादक आणि साहाय्यक व्यक्ती यांची नोंदवही ठेवावयाची आहे. अनुवादकास मुलाची भाषा आणि राज्याची भाषा कामापुरत्या येत असाव्यात, मग ती भाषा त्याची मातृभाषा असो वा प्राथमिक शाळेतील शिक्षणाची भाषा असो, एवढेच नियम म्हणतात. म्हणजे मराठी शाळेत शिकून पुढे तेलुगू आत्मसात केलेला आदिलाबादचा कोणताही सुबुद्ध शिक्षक, कोणतीही अंगणवाडी सेविका या कामास पात्र ठरू शकते. त्या नोंदवहीत मराठी, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोलीची नावे किती, हे जिल्हा प्रशासनाने जाहीर करावे. नावे नसतील तर सुशिक्षित मराठी मंडळींनी स्वतः पुढे होऊन ती नोंदवावीत. प्रत्येक गोष्टीस सरकारकडे बोट दाखविणे आम्हांस पसंत नाही.

दुसरी मागणी मुलाच्या मूळ शब्दांची. मूल ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत त्याचे शब्द अवतरणचिन्हांत नोंदवून शेजारी भाषांतर द्यावे. साक्षीदाराचे बोलणे त्याच्या भाषेत लिहून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. शक्य तेथे जबाब ध्वनिचित्रमुद्रित करावा असेही कायदा सांगतो. हैदराबादच्या उच्च न्यायालयात अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींनी मुलास पाहिलेले नसते. त्यांच्यापुढे फक्त कागद असतो. त्या कागदावर निदान लेकराचा आवाज तरी असू द्यावा. त्याने मुलाचेही रक्षण होईल आणि पढवणूक झाली असल्यास तीही उघडी पडेल.

तिसरी मागणी वयाच्या पुराव्याची. मूल अठराच्या आत होते हे सिद्ध झाले नाही तर ‘पोक्सो’चा खटलाच कोसळतो. शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला वा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसल्यास हाडांची तपासणी, असा क्रम कायद्याने लावून दिला आहे. शाळा सोडल्याचा नुसता दाखला पुरत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक शिक्षा रद्द केली. पाड्यावर आणि तांड्यावर जन्मलेल्या किती मुलांची नोंद जन्मताच होते? ग्रामपंचायतीच्या वहीत आज न लिहिलेली एक ओळ पंधरा वर्षांनी न्यायालयात मुलावर उलटते, हे सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी ध्यानी धरावे.

चौथी मागणी पुराव्याच्या साखळीची. कपडे आणि नमुने केव्हा घेतले, केव्हा मोहोरबंद केले, कोणाच्या कोठडीत ठेवले आणि प्रयोगशाळेत केव्हा पोहोचले, याची नोंद तारीखवार आणि सहीनिशी असलीच पाहिजे. विज्ञान खोटे बोलत नाही असे म्हणतात. पण विज्ञानाच्या हाती चुकीची पुडी दिली तर ते बिचारे काय करील?

पाचवी आणि शेवटची मागणी अपिलाची. मुलाच्या पालकांस अपिलाची आणि जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळाली पाहिजे; ‘पोक्सो’च्या प्रकरणांत ती द्यावयाची आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले आहे. आरोपी सुटला तर त्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडितास ३१ डिसेंबर २००९ पासून आहे. पण निकालाचा कागदच ज्यांस वाचता येत नाही ते तो हक्क बजावणार कसे? शिक्षा झालेला बंदी आणि दाद मागणारे आईबाप, दोघांसही निकालाचा गोषवारा त्यांच्या भाषेत मिळावा आणि तुरुंगातून केलेले अपील वकिलावाचून पडून राहू नये, हे पाहणे विधिसेवा प्राधिकरणाचे काम आहे. ते त्याने झटून करावे.

मुलाची बाजू घेणे म्हणजे आरोपीचे हक्क कापणे, आणि आरोपीचे हक्क मागणे म्हणजे मुलाशी वैर करणे, हा समज खुळा आहे. वर दिलेल्या प्रकरणांत पुन्हा पुन्हा दिसते ते असे की, जो तपास आरोपीच्या बाबतीत बेफिकीर होता तोच मुलाच्या बाबतीतही बेफिकीर ठरला. तराजूची दोन्ही पारडी एकाच दांडीला टांगलेली असतात; दांडी वाकडी असेल तर कोणत्याच पारड्याचे माप खरे उतरत नाही. आदिलाबादच्या खेड्यातील लेकरू उद्या न्यायालयात उभे राहील तेव्हा त्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत ऐकले जावे, आणि समोर पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसास त्यातील प्रत्येक शब्द समजावा. याहून कमी असलेल्या कशासही आम्ही न्याय म्हणणार नाही.